हातातलं मीठ

१

जुन्या गाडीचं इंजिन साफ करणं म्हणजे भांडी घासणंच. फरक इतकाच, की ही भांडी तीस-चाळीस वर्षं खरकटी पडलेली असतात. साईनाथ म्हात्रे हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि गिऱ्हाईक दर वेळी हसायचं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीत त्याचा गाळा होता. पुढं लोखंडी शटर, आत एक लांब टेबल, डिझेलचे ट्रे, भिंतीवर टांगलेले पाने आणि कोपऱ्यात उघडी पडलेली इंजिनं. काम तो एकटाच करायचा. या कामात दुसरा हात लागला की घोळ होतो, असं त्याचं म्हणणं.

कामाची रीत ठरलेली. पार्ट आधी डिझेलमध्ये बुडवून ठेवायचे. तेलाचा काळा थर मऊ पडला की लाकडाच्या चपट्या पट्टीनं खरवडायचा. मग ब्रश. बाहेरच्या ओबडधोबड अंगाला लोखंडी तारेचा, आतल्या नाजूक अंगाला पितळी तारेचा. गंज असेल तिथं औषध लावायचं, थांबायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. घाई केली की लोखंड ओरबाडलं जातं. शेवटी कोरडं करून लगेच तेलाचा बोळा फिरवायचा, कारण नुकतं उघडं पडलेलं लोखंड तान्ह्या मुलासारखं असतं, त्याला साधा वारासुद्धा बाधतो.

आणि हे सगळं तो हातमोजे घालून करायचा. निळे, पातळ, दवाखान्यात घालतात तसले. गाळ्यातला माणूस असून त्याची नखं बँकेतल्या साहेबासारखी साफ असत. माजिवड्याला तो ज्या टॉवरमध्ये राहायचा, तिथं लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर "ऑटोमोबाइलमध्ये आहे" एवढंच सांगायचा, आणि हातांकडे बघून कुणाला शंका यायची नाही. या हातांचा त्याला फार अभिमान होता.

त्या दिवसांत टेबलावर साकेत कर्णिकच्या फियाटचं इंजिन होतं. गाडी साकेतच्या आजोबांची. ठाण्यात बंगल्यामागं झाकून ठेवलेली, उंदरांनी सीट खाल्लेली. साकेतचं लग्न ठरलं होतं आणि त्याच गाडीतून मांडवात जायचं असा त्याचा हट्ट होता. काम नीट झालं असतं तर ठाण्यातली अजून चार जुनी घरं साईनाथकडे आली असती. म्हणून तो जीव तोडून कामाला लागला होता. इंजिनाचा कणा म्हणजे क्रँक, तो त्यानं सलग दोन दिवस घासून असा काढला की त्यात तोंड बघावं. तेल लावलं, वर धुतलेलं फडकं टाकलं, शटर ओढलं आणि घरी गेला.

सकाळी फडकं काढलं तर क्रँकच्या गुळगुळीत गोलाईवर बोटं उठलेली होती.

चार बोटं आणि एक अंगठा. तांबूस गंजाची, जणू कुणी घट्ट धरून उचलून पाहिला असावा. साईनाथनं आधी स्वतःला शिव्या घातल्या. मोजा फाटला असेल, काल घाई झाली असेल. पण त्याचा हात पहिल्यापासून कोरडा, त्याचं बोट लोखंडावर कधी उठत नसे. शिवाय तो ठसा तेलावर नव्हता, तेलाच्या खाली होता. वरचा तेलाचा थर जसाच्या तसा होता.

त्यानं बारीक पॉलिश पेपर घेतला आणि ठसा घासायला लागला. बोटं गेली. अंगठा जाता जाता त्याच्या लक्षात आलं, की अंगठ्याच्या मधोमध एक आडवी चीर आहे. तेवढ्या रेघेत गंज धरला नव्हता. ती चीर बघून त्याचे हात थांबले.

२

सगळ्यांच्या हाताचा घाम सारखा नसतो. काहींचा हात लागला की लोखंड दुसऱ्या दिवशी गंजानं फुलतं. साईनाथचे वडील काळुराम म्हात्रे असल्या हाताचे होते.

म्हात्रे मूळचे कोपरच्या खाडीकडचे. बाबांचं लहानपण मिठागरात गेलं, पुढं ते वागळे इस्टेटच्या एका कंपनीत लागले. तिथं पॉलिश केलेल्या मालाला त्यांचा हात लागला की माल परत यायचा. लोक त्यांना "गंजका हात" म्हणून चिडवायचे. बाबा हसायचे. "आमच्या हातान मीठ हाय," म्हणायचे, "आगराचं. सात पानी धू, जाचा नाय." मग त्यांनी युक्ती काढली. जुन्या लुंगीची पट्टी फाडून हाताला गुंडाळायची आणि मगच लोखंड धरायचं. अंगठ्यावरची चीर मात्र आगरातली, फावड्यानं कापलेली. मिठात झालेली जखम बुजते पण मिटत नाही.

साईनाथला हे काम शिकवलं ते बाबांनीच. रविवारी घराच्या ओट्यावर रॉकेलच्या डब्यात कुणाच्या तरी स्कूटरचे पार्ट बुडवायचे आणि पोराच्या हातावर आपला चिंधी गुंडाळलेला हात ठेवून ब्रश फिरवायचा. ते सुख साईनाथ विसरला होता असं नाही. पण सुख आठवलं म्हणून माणूस सुधारतो, असंही नाही.

आई गेली, कोपरचं घर पाडून तिथं इमारत आली, बाबा माजिवड्याला राहायला आले आणि हळूहळू एकेक गोष्ट विसरायला लागले. साईनाथच्या बायकोची, हेमांगीची, स्टीलची भांडी काच पेपरनं घासून ठेवायचे. खाली पार्किंगमध्ये बसून परक्यांच्या बाइकचे रिम पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या रिमवर बोटं उठायची, कारण चिंधी गुंडाळायचं ते विसरले होते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. "हे काका कोणाचे?" साईनाथनं मेसेज पाहिला आणि फोन उलटा ठेवला.

मग तो त्यांना रोज गाळ्यावर नेऊ लागला. स्टूल दिलं, चिंधी दिली, एक निकामी पिस्टन दिला. बाबा दिवसभर तेवढाच पिस्टन पुसत बसायचे. उघडलेलं इंजिन बघायला साकेत पहिल्यांदा आला तेव्हा नेमके ते उठले आणि त्याच्या आजोबांच्या क्रँकवरून उघडा हात फिरवायला लागले, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हे कोण, दादा?" साकेतनं विचारलं. विचारण्यात काही वाईट नव्हतं.

"वॉचमन आहे," साईनाथ म्हणाला. "म्हातारा झालाय, कशालाही हात लावत बसतो."

बाबांनी ऐकलं. चिंधीची घडी करून टेबलावर ठेवली, स्टूल उचललं आणि शटरबाहेर नेऊन ठेवलं. साकेत निघाला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला.

साईनाथला वाटलं, विसरतील. बाकी सगळं विसरत होते, जेवल्याचंसुद्धा. हे तेवढं विसरले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाळ्यावर आले की थेट बाहेरच्या स्टुलावर. गल्लीत गाडी वळली की उभे राहायचे आणि सलाम. एकदा साईनाथच बाहेरून स्कूटरवर आला, तर त्यालाही सलाम केला आणि म्हणाले, "साहेब, शटर उघरा हाय. मी हाय हितंच."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा एखादा त्या जागीच पाय धरून रडला असता. साईनाथला तो सलाम पुन्हा बघायचा नव्हता, म्हणून त्यानं सलाम करणाराच डोळ्याआड केला. खडवलीच्या पुढं, नदीच्या अलीकडे एक आश्रम आहे, ज्यांचं कुणी नाही अशांसाठी. साईनाथ आणि हेमांगी त्यांना तिथं घेऊन गेले आणि साईनाथनं सांगितलं, "आमचे शेजारी आहेत. एकटेच असतात." मुलगी प्राचीला सांगितलं, आजोबा आत्याकडे अलिबागला गेलेत.

निघताना बाबांनी विचारलं, "ड्युटी हितं हाय का आता, साहेब?"

साईनाथ हो म्हणाला.

३

तेव्हा क्रँकवरची ती चीर बघून त्यानं स्वतःला समजावलं, की जुना ठसा असणार. बाबांनी कधीतरी हात लावलेला, खोल उतरलेला, आता हवेनं वर आला. लोखंडाचा काय भरवसा. त्यानं तो घासून काढला, पुन्हा तेल लावलं. दुसऱ्या दिवशी क्रँक स्वच्छ होता. त्याला बरं वाटलं. मग त्याची नजर शेजारच्या झडपांवर गेली. आठही झडपांवर एकेक अंगठा होता, आणि त्या झडपा आदल्या दिवशी दुपारपर्यंत गंजाच्या औषधात बुडालेल्या होत्या.

"खाडीची हवा आहे रे तिथं," हेमांगी म्हणाली. "आपल्या बाल्कनीचं ग्रिल नाही का गंजलं? तू उगाच डोक्यात घेतोस."

"अगं पण चीर आहे त्या अंगठ्याला."

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "खडवलीला फोन करून बघ मग."

"काय सांगू फोन करून? शेजारी कितीदा चौकशी करतो?"

तव्यावरची पोळी करपली.

नंतर वास यायला लागला. सकाळी शटर वर केलं की आतून भपकन रॉकेलचा वास. आता साईनाथ डिझेल वापरायचा. रॉकेल रेशनवर मिळायचं बंद होऊन किती वर्षं झाली, गाळ्यात त्याचा थेंब नव्हता. तो नाक वर करून कोपरे हुंगत फिरला. वास टेबलाखालून यायचा, तिथं गेलं की दारातून यायचा. केमिकलच्या कंपन्या आहेत आजूबाजूला, तो स्वतःला म्हणाला, इथं रोज नवा वास असतो. हे खरंच होतं. पण रॉकेलच्या वासाबरोबर लहानपणीचा ओटा आठवतो, तो केमिकल कंपनीमुळे कसा आठवेल, हे त्याला सांगता येईना.

मग एके दिवशी न घासलेले पार्ट घासलेले निघाले. चारही पिस्टन त्यानं काळे-कुळकुळीत सोडले होते, काय होतं ते बघायला मुद्दामच. सकाळी ते ओळीनं मांडलेले होते आणि इतके सुंदर निघाले होते की साईनाथच्या हातून तसे कधी निघाले नसते. खाचेतली काजळीसुद्धा काडीनं काढलेली. शेजारी फडकी वाळत घातली होती. त्याच्या गाळ्यात होजियरीची चिंधी असायची, ही लुंगीची होती, निळ्या चौकड्यांची. आणि एक नव्हती. दोन होत्या, दोन्ही ओल्या.

तो बराच वेळ त्या दुसऱ्या चिंधीकडे बघत राहिला. एका माणसाला दोन चिंध्या लागतात कधीकधी. लागतातच.

त्यानं कॅमेरा तपासला. कॅमेरा बाहेरच्या बाजूला, शटरवर रोखलेला. शटर रात्रभर बंद होतं. शटरसमोर गल्लीतलं कुत्रं बसलं होतं, तोंड आतल्या बाजूला करून. साईनाथनं पुढं-मागं करून पाहिलं. कुत्रं झोपलं नव्हतं. मधूनमधून शेपटी हलवत होतं, आतून कुणी ओळखीचं बोलल्यावर हलवावी तशी.

कुणाला सांगणार? सांगायचं तर अंगठा कुणाचा इथपासून सुरुवात करावी लागली असती. त्यानं चिंध्या उचलून कचऱ्यात टाकल्या आणि हात धुतले. मोजे घातलेले असूनही धुतले.

४

बुधवारी साकेत आला. पिस्टन बघून खूश झाला. "दादा, कमाल! आजोबा असते ना, तर रडले असते." मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला आणि इंजिनाच्या वरच्या झाकणापाशी थांबला. झाकण साईनाथनं सकाळीच पुसलं होतं. त्यावर आता अख्खा पंजा होता.

"हे काय? गंज आहे?"

"निघेल ते. हात लागलाय कुणाचा तरी."

"तो वॉचमन का? आहे अजून?" साकेत हसला. "गोड म्हातारा होता. काय कडक सलाम ठोकायचा."

साईनाथच्या तोंडाशी खरं आलं होतं. गाळ्यात दोघंच होते, समोरचा पोरगा भला होता, आजोबांच्या गाडीसाठी जीव टाकणारा. माझे वडील आहेत ते, असं म्हटलं असतं तर साकेत दोन मिनिटं गप्प बसला असता, एवढंच. पण ती दोन मिनिटं साईनाथला सोसवली नसती. जनाची लाज भारी पडली की मनाची लाज कोपऱ्यात जाऊन बसते.

"काढला त्याला," तो म्हणाला. "नुकसान करायचा."

"अरेरे. मग आता कुठं असतो? त्याचं कुणी होतं का?"

"नाही. कुणी नव्हतं."

मागं, गाळ्याच्या आतल्या अंधाऱ्या टोकाला, फरशीवर स्टूल सरकल्याचा आवाज आला. एकदा. कुणीतरी सावकाश उठावं तसा. साकेतनं वळून पाहिलं.

"आत आहे का कुणी?"

"घुशी आहेत," साईनाथ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"बरं. मी शुक्रवारी संध्याकाळी येतो, तेव्हा इंजिन जोडलेलं बघायचंय हं." साकेत गेला. त्याला गाडीपर्यंत सोडून साईनाथ परतला, तर ते स्टूल शटरच्या बाहेर, डाव्या हाताला, नेहमीच्या जागी ठेवलेलं होतं. तीन महिने ते आत रद्दीखाली पडलं होतं. त्याच्या बैठकीवर धुळीचा कण नव्हता.

तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. भीती वाटलीच, पण भीतीपेक्षा शरमेनं त्याची कानशिलं तापली. कुणीतरी आत बसून हे सगळं ऐकलं होतं. आणि ऐकून, भांडायचं सोडून, नेमून दिलेल्या जागी निमूट स्टूल नेऊन ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी त्यानं हेमांगीला सांगितलं, "बाबांना घेऊन येतो. काय बोलायचं ते लोक बोलू देत."

"आण," हेमांगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी तरी कुठं सुखानं जेवते?"

५

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते. त्या दिवशी दुपारी साईनाथ स्कूटर काढून खडवलीला गेला. वाटेत हेल्मेटच्या आत पुटपुटत राहिला. मी त्यांचा मुलगा. मी खोटं बोललो. मी त्यांना न्यायला आलोय. शाळेत कविता पाठ करावी तसं त्यानं ते घोकलं, आणि प्रत्येक वेळी 'मुलगा' या शब्दापाशी त्याची जीभ अडखळली.

आश्रमाच्या व्हरांड्यात उत्तराताई बसल्या होत्या. साठीच्या, चष्म्यातून नीट बघणाऱ्या, आश्रमाचं सगळं त्याच पाहायच्या. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"या, या. काळुरामबाबांचे शेजारी ना तुम्ही? थोडी चुकामूक झाली हो. आत्ताच जेवणं झाल्यावर त्यांचा मुलगा त्यांना घरी घेऊन गेला."

साईनाथ पायरीवरच थांबला.

"कोण मुलगा?"

"त्यांचा मुलगा. तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्यात तुमचा काय दोष? आम्हालाही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा आला तेव्हा मी चांगलंच सुनावलं त्याला. इतके दिवस कुठे होतास म्हणून. तर मान खाली घालून म्हणाला, ताई, लाज वाटली होती मला, चुकलं माझं. असं कोण कबूल करतं आजकाल?" त्या सांगत राहिल्या. "मग रोज यायचा. सूर्य कलला की हजर. बाबांना घेऊन त्या पायरीवर बसायचा, डब्यात रॉकेल असायचं, त्यात त्यांचे हात धुवायचा, चिंधी गुंडाळायचा आणि म्हणायचा, चला बाबा, कामावर. अंगणात एक फेरी मारून यायचे दोघं. निदान मला तरी वाटायचं, अंगणातच जात असतील."

"दिसायला कसा होता?"

उत्तराताईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमच्याच वयाचा. तुमच्याचसारखा, खरं तर. भावकीतले आहात का तुम्ही?"

मग ते वाक्य, जे त्यानं वाटभर घोकलं होतं, त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"ताई, मीच त्यांचा मुलगा आहे. साईनाथ. मी तेव्हा खोटं बोललो होतो."

त्यांचा चेहरा बदलला. रागावल्या नाहीत, पण खुर्चीत थोड्या मागं सरकल्या. "असं काय बोलता? तुम्ही स्वतः इथे उभे राहून शेजारी म्हणून सांगितलंत. साईनाथ तो. बाबा त्याला साई म्हणूनच हाक मारायचे, तो 'ओ' द्यायचा. त्याला बघून बाबांचा चेहरा कसा उजळायचा, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही त्यांना इथे सोडलंत तेव्हा ते तुम्हाला साहेब म्हणाले होते, आठवतं?"

त्याला आठवत होतं.

"आणि हात बघून कळत नाही का कुणाचा मुलगा ते?" त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "त्याचे हात अगदी बापासारखे. काळे, राठ. जिथे टेकवील तिथे खूण उमटायची. तुमचे हात तर किती स्वच्छ आहेत हो."

साईनाथनं आपले हात पाहिले आणि मागं लपवले. बाबांची खाट बघू का, असं त्यानं विचारलं. त्यांनी नाइलाजानं दाखवली. लोखंडी खाट. बाकी सगळ्या खाटांना तपकिरी गंज चढलेला, ही एकटी पायापासून डोक्यापर्यंत लख्ख घासलेली. उशाकडच्या दांडीवर बोटांचे ठसे होते. एक अंगठा चीर असलेला. त्याच्या शेजारी दुसरा हात, बिनचिरेचा, त्याच मापाचा. साईनाथनं आपली बोटं त्या दुसऱ्या ठशावर ठेवली. ती बरोबर बसली. त्यानं हात उचलला तेव्हा दांडीवर त्याचं काहीच उमटलं नव्हतं.

६

परतताना त्यानं हेमांगीला फोन लावला. घरी कुणी आलं नव्हतं. घरी कुणी येणार नाही, हे त्याला आधीच कळलं होतं. तो थेट डोंबिवलीला गेला.

सुट्टीची एमआयडीसी म्हणजे चालू असलेला पंखा मध्येच बंद पडावा तशी. कुठं खटखट नाही, भोंगा नाही. उन्हं कलली होती, शटरं सगळी खाली. त्याच्या गल्लीत शिरताना त्याला तारेच्या ब्रशचा आवाज ऐकू आला. संथ, एका लयीत. तो स्वतः इतक्या सबुरीनं कधी घासायचा नाही.

गाळ्याचं शटर कमरेपर्यंत वर होतं. कुलूप बाजूला लटकत होतं आणि त्यात चावी होती. त्याची चावी त्याच्या खिशात होती. त्यानं चाचपून पाहिली. कुत्रं शटरपाशी बसलेलं, ते उठलं आणि त्याच्यावर गुरगुरलं. रोज सकाळी त्याच्या हातचं बिस्कीट खाणारं कुत्रं.

"साई, फडका दे रं." आतून बाबांचा आवाज. धडधाकट, ओट्यावरच्या रविवारचा.

कुणीतरी फडकं दिलं असावं. रॉकेलचा वास आला. मग हसण्याचा आवाज, दोघांचा. बाबा त्याच्याबरोबर शेवटचे कधी हसले होते, हे त्याला आठवेना.

साईनाथ वाकला. फटीतून पाय दिसले. बाबांचे, फुगलेल्या घोट्यांचे, आणि शेजारी आणखी दोन, त्यातल्या डाव्या पायात अंगठा शिवलेली चप्पल. तशीच चप्पल आत्ता त्याच्या डाव्या पायात होती. वर टेबलाच्या कडेवर चिंधी गुंडाळलेला म्हातारा हात होता, आणि त्या हातावर दुसरा काळा हात ठेवलेला होता आणि तो ब्रश फिरवत होता. त्याहून वर त्याला बघवलं नाही.

हाक मारायची होती. बाबा, मी आलोय. मी खरा. एवढंच म्हणायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणायला त्याला कुणाचीच लाज वाटत नव्हती. त्यानं शटरला हात लावला. पत्रा किंचित वाजला.

ब्रश थांबला.

"भायेर कोन हाय रं, साई?" बाबांनी विचारलं.

मग उत्तर आलं, आणि तो आवाज साईनाथनं जन्मभर स्वतःच्याच गळ्यातून ऐकला होता.

"कुणी नाही, बाबा. वॉचमन आहे."

ब्रश पुन्हा सुरू झाला.

साईनाथ सरळ उभा राहिला. डाव्या हाताला स्टूल होतं. तो त्यावर टेकला. बैठक त्याच्या मापाची होती. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, साकेतची. साकेत उतरला, मोबाइलवर कुणाशी तरी बोलत सरळ शटरकडे आला आणि त्याच्याकडे न बघताच वाकून आत गेला. "दादा, झालं का जोडून?" आतून ओळखीचं हसू ऐकू आलं.

तोवर साईनाथ उभा राहिला होता आणि त्याचा स्वच्छ हात कपाळाला लागलेला होता.